‘परदेशी नवरा’ खलनायक झालाय, त्याचं काय करू?

वाचकाचं पत्र: मी दोन अंकी नाटक लिहिलं आहे. मराठी नायिका आणि तिचा मध्यपूर्वेतला नवरा बर्लिनमध्ये राहतात. देशाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. संसार मोडायला आलेला असताना नवरा सात वर्षांच्या मुलीला दोन आठवड्यांच्या सुट्टीसाठी स्वतःच्या आईवडिलांकडे नेतो आणि परत पाठवत नाही. दुसऱ्या अंकात नायिका तिथल्या कोर्टात लढते, न्यायाधीश मुलीचा ताबा तिला देतात आणि शेवट विमानतळावरच्या मिठीवर होतो. रूपरेषा आणि संहिता सोबत जोडली आहे. वाचनात न्यायाधीशांच्या भाषणाला टाळ्या पडल्या, पण नंतर एक नट म्हणाला, ‘हा माणूस नाही, बातमीतला फोटो आहे.’ निर्माते म्हणतात, नवऱ्याच्याच समाजातली एक चांगली वकील घाला, म्हणजे तोल साधेल. मला कुणावर अन्याय करायचा नाही आणि आईचं दुःखही पातळ करायचं नाही. काय करू? नवऱ्याची भूमिका कुणी करावी? – एक नाटककार

प्रिय नाटककार,

निर्मात्यांनी सुचवलेली वकील घालू नका. निदान तोल साधण्यासाठी तरी नको. वाईट माणसापुढे त्याच्याच समाजातला एक भला माणूस उभा केला की तो कशासाठी आणलाय हे प्रेक्षकाला लगेच कळतं. त्या वकिलाला स्वतःचं काही हवं नसतं, तिचं काही पणाला लागलेलं नसतं. आणि नवरा होता तिथेच, होता तसाच राहतो.

तुमच्या रूपरेषेत जिथे जिथे पात्र ढोबळ झालंय, तिथे तिथे माहिती कमी पडली आहे. देश ठरलेला नाही म्हणून तिथलं कोर्ट फिल्मी झालं. मुलगी न पाठवण्याचा दिवस कसा उगवला ते लिहिलेलं नाही म्हणून नवऱ्याला फोनवर राक्षसासारखं हसावं लागलं. कायदा, कागद, भाषा आणि तारखा आधी नीट बसवा. नवरा माणूस व्हायला तिथूनच सुरुवात होईल.

पहिलं काम म्हणजे देशाचं नाव घाला. नाव गाळलं की कुणी दुखावणार नाही असं तुम्हाला वाटलं असेल, पण त्यामुळे एका देशाऐवजी पंधरा-वीस देश एकाच रंगात रंगले. शिवाय कथानकच देशावर अवलंबून आहे. पालकानेच मूल परदेशी नेलं किंवा तिथे ठेवून घेतलं तर ते परत पाठवण्यासाठी १९८० चा हेग करार आहे. तो सोळा वर्षांखालच्या मुलांना लागू होतो आणि शंभरावर देश त्यात आहेत. तुर्कस्तानात तो २००० पासून लागू आहे. मोरोक्को २०१० मध्ये आला, पाकिस्तान २०१७ मध्ये. जपान मात्र २०१४ पर्यंत बाहेर होता आणि घटस्फोटानंतर आईवडिलांना संयुक्त ताबा घेता यावा म्हणून तिथला कायदा २०२४ मध्ये बदलला. इजिप्त करारात नाही. भारतही नाही, आणि त्यामागे दिलं जाणारं एक मोठं कारण असं की नवऱ्याच्या छळातून सुटून मुलांसह माहेरी आलेल्या बायकांना हा करार परत पाठवील. तुमच्या पहिल्या अंकातला मामा म्हणतो, ‘तिकडचे लोक कायदा मानत नाहीत.’ मामाने ते खुशाल म्हणावं, असे मामा घरोघरी असतात. पण पुढे नाटकाने त्याला खरं ठरवू नये. एक तांत्रिक गोष्टही लक्षात असू द्या: एखादा देश करारात नंतर सामील झाला असेल तर आधीच्या देशाने तो प्रवेश स्वीकारावा लागतो, त्याशिवाय त्या दोघांमध्ये करार चालत नाही. त्यामुळे एकेक देश सुटा न पाहता दोन देशांची जोडी तपासा.

तुर्कस्तान निवडलंत तर दुसरा अंक वेगळा होईल, इजिप्त निवडलात तर आणखी वेगळा.

तुर्कस्तान असेल तर नायिका आधी जर्मनीच्या केंद्रीय प्राधिकरणाकडे, म्हणजे बॉनमधल्या फेडरल न्याय कार्यालयाकडे अर्ज करेल. तो भाषांतरासह तुर्कस्तानच्या प्राधिकरणाकडे जाईल आणि मग तिथल्या न्यायालयात. सहा आठवड्यांत निर्णय व्हावा अशी करारात अपेक्षा आहे, मात्र जगभरच्या २०२१ च्या अर्जांना सरासरी जवळजवळ सात महिने लागले. हा काळ रंगमंचावर दिसायला हवा. त्या काळात मुलीचा दात पडतो, बूट तोकडे होतात.

आता न्यायाधीशांचं भाषण. ते ‘या समाजात या मुलीला भवितव्य नाही’ असं म्हणून ताबा आईला देतात. वाचनात या जागेवर टाळ्या पडल्या असं तुम्ही लिहिता, आणि नेमकी हीच जागा सर्वांत चुकीची आहे. हेग अर्जावर बसलेलं न्यायालय ताबा ठरवतच नाही. त्याच्यापुढे प्रश्न एवढाच असतो: मुलीचं नेहमीचं वास्तव्य कुठे होतं, तिला ठेवून घेण्याने दुसऱ्या पालकाचा हक्क मोडला का, आणि परत न पाठवण्याजोगा एखादा अपवाद सिद्ध झाला का. अपवाद मोजके आहेत. दुसऱ्या पालकाची संमती होती, परत गेल्यास गंभीर धोका आहे, पुरेशी जाण असलेलं मूल स्वतः विरोध करतंय, असे. मूल परत जातं ते त्या देशात जातं, आईच्या किंवा बापाच्या हातात नव्हे. ताब्याचा निकाल पुढे तिथलं न्यायालय देतं. कोणता देश चांगला, कोणता धर्म बरा, कुठल्या शाळा सरस, ही तुलना न्यायाधीशांनी करू नये यासाठीच ही चौकट आखली आहे. तुमच्या न्यायाधीशांनी ती तुलना केली आणि नाटकाचा सगळा कल एका वाक्यात बाहेर आला. ते भाषण काढा. त्याऐवजी नायिकेचा वकील असंच भाषण करू लागतो आणि न्यायाधीश त्याला थांबवतात असं करून बघा. नायिकेला आपल्याच बाजूचा माणूस किती चुकतोय हे त्या वेळी ऐकावं लागेल.

इजिप्त असेल तर ‘परत पाठवा’ म्हणणारा करारच हाताशी नाही. तिला तिथल्या कौटुंबिक न्यायालयात मुलीच्या सांभाळाचा दावा लावावा लागेल. इथे प्रेक्षकाचा अंदाज चुकतो, कारण लहान मुलांचा रोजचा सांभाळ, ज्याला तिथे हदाना म्हणतात, आईकडे देण्याकडे त्या कायद्याचा कल असतो. पालकत्वाचा अधिकार, म्हणजे विलाया, वडिलांकडे राहतो आणि ते मुलीवर प्रवासबंदी आणू शकतात. नायिका दावा जिंकते, मुलगी तिच्या घरात झोपते, आणि तरी दोघींना देश सोडता येत नाही. ज्या कायद्याला पहिल्या अंकात सगळ्यांनी नावं ठेवली त्यानेच तिला अर्धी दाद दिली, अर्धी अडवली. आमचा कौल इजिप्तच्या बाजूने आहे. त्यात आईचं दुःख कणभरही कमी होत नाही आणि खलनायकाची गरज आपोआप घटते.

पुढचा मुद्दा मुलगी अडकते त्या दिवसाचा. कायदा ‘नेणं’ आणि ‘ठेवून घेणं’ वेगळं धरतो. तुमची गोष्ट दुसऱ्या प्रकारातली: जाताना संमती होती, परतीची तारीख टळली आणि तिथून गुन्हा सुरू झाला. ही तारीख पक्की करा, कारण करार लागू असेल तर तिथपासून वर्षाच्या आत न्यायालयात प्रकरण गेलं पाहिजे. वर्ष उलटलं की ‘मूल आता नव्या जागी रुळलंय’ हा बचाव खुला होतो. तारखेच्या आसपासचे फोनवरचे निरोप संहितेत शब्दशः लिहा. नवरा लिहितो, ‘आईला बरं नाही, अजून आठवडा राहू दे.’ नायिका कामाच्या घाईत नुसतं अंगठ्याचं चिन्ह पाठवते. दहा दिवसांनी येतं, ‘घरी बसून कंटाळते, इथल्या शाळेत तात्पुरतं नाव घातलं.’ ती रागाने उत्तरच देत नाही. सहा महिन्यांनी ते चिन्ह आणि ती शांतता, दोन्ही तिची संमती म्हणून कोर्टात मांडली जातात. असे खटले ज्यांनी हाताळलेत त्यांना ही पानं तोंडपाठ असतात. आणि यात तुम्हाला नवराही सापडेल. विमानात बसताना त्याने काही ठरवलं नव्हतं. परतीचं तिकीट खरं होतं. एकेका आठवड्याने तो पुढे सरकत गेला आणि ज्या दिवशी त्याने मुलीचा पासपोर्ट कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली, त्या दिवशी तो गुन्हेगार झाला. किल्ली प्रेक्षकांना दिसू द्या.

त्याला कारण द्या, सबब नको. बर्लिनमध्ये त्याची पदवी धरली गेली नाही, शाळेतून फोन फक्त आईला येतो, मुलगी लोकांसमोर त्याच्या भाषेत उत्तर द्यायला लाजते, आणि घटस्फोटानंतर आपण पंधरवड्यातून एकदा येणारा पाहुणा होणार ही धास्ती. यातलं एखाददुसरं पुरे. त्याचबरोबर तो जे नुकसान करतो ते सौम्य करू नका. तो फोन कापतो, नंबर बदलतो, मुलीला सांगतो की आईला तू नकोस. हे शेवटचं वाक्य मुलीला कसं पोखरतं ते दाखवलंत तर आईचं दुःख पातळ होण्याची भीती उरणार नाही.

तुमची नायिकाही बर्लिनमध्ये परदेशीच आहे, हे संहितेत कुठेच आलेलं नाही. परदेशीपण तुम्ही सगळं नवऱ्याच्या वाट्याला दिलंत. जर्मन कारकुनापुढे दोघंही सारखेच अडखळतात, असा एक छोटा प्रवेश पहिल्या अंकात हवा. एके काळी या दोघांना एकमेकांत काय दिसलं होतं तेही त्यातच येईल.

मूल नेणारा बापच असला पाहिजे असंही नाही. करार लिहिला गेला तेव्हा डोळ्यासमोर ताबा न मिळालेले वडील होते. प्रत्यक्षात २०२१ च्या अर्जांच्या अभ्यासात मूल नेणाऱ्यांपैकी ७५ टक्के आया होत्या. त्यातल्या बहुतेकींनीच मुलांना रोज सांभाळलेलं असतं, आणि मूल नेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण स्वतःच्याच देशात परततात. म्हणजे घेऊन गेलेली व्यक्ती पुष्कळदा परक्या देशात एकटी पडलेली बाई असते. व्हिसा नवऱ्यावर अवलंबून, स्वतःची कमाई नाही, कधी घरात मारहाण. तिने मारहाणीचा मुद्दा मांडला तर तो ‘गंभीर धोका’ या अपवादाखाली जातो आणि तो सिद्ध करण्याचा भार तिच्यावर. धोका सिद्ध झाल्यावरही, मुलाला सुरक्षितपणे परत पाठवण्याचे सगळे उपाय तपासून पाहिलेच पाहिजेत, अशी सक्ती न्यायालयावर नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. पैशाचं पारडंही सारखं नसतं. इंग्लंडमध्ये मूल परत मागणाऱ्या पालकाला उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो, मूल आणणाऱ्याला मात्र उत्पन्नाची अट लागते. भूमिका उलटवून नायिकेलाच नेणारी करावी, असं आम्ही म्हणत नाही. ते वेगळं नाटक होईल. पण कोर्टाच्या बाकावर शेजारी बसलेली दुसरी एखादी बाई, जिचं प्रकरण नायिकेच्या बरोबर उलट आहे, एका प्रवेशापुरती आणता येईल. तुर्कस्तान निवडलंत तर करार म्हणजे नायिकेला आधार, तिला धास्ती. दोघींनी एकमेकींना समजावून वगैरे घेऊ नये. नायिकेला तिचा राग यावा.

वेगवेगळी माणसं आणायचीच असतील तर कामामुळे जी येतात ती आणा. दुभाषा घ्या. तो नातेवाईक नसतो, आणि साक्षीदार ‘मी घाबरले’ म्हणाली तर तोही ‘मी घाबरले’ असंच म्हणतो, ‘ती म्हणते की ती घाबरली’ असं नाही. नायिकेचं सगळ्यांत खासगी दुःख अनोळखी पुरुषाच्या आवाजात ‘मी’ म्हणून कोर्टभर ऐकू येतं, ही रंगमंचाने सोडू नये अशी जागा आहे. मध्यस्थी दाखवायची झाली तर जर्मनीशी जोडलेल्या प्रकरणांत दोन मध्यस्थ एकत्र बसण्याची पद्धत आहे: एक स्त्री, एक पुरुष, दोघांमध्ये मिळून दोन्ही भाषा, दोन्ही संस्कृती, एक कायद्यातला, एक मानसशास्त्रासारख्या क्षेत्रातला. २००७ च्या व्रोत्सवाफ (पोलंड) जाहीरनाम्यात ही रचना मांडली आहे. टेबलाभोवतीची ही चार माणसं, म्हणजे दोन मध्यस्थ आणि नवरा-बायको, निर्मात्यांच्या वकिलापेक्षा कितीतरी कामाची आहेत, कारण प्रत्येकाचं काही अडलेलं आहे. आणि आजी. सध्या तिला एकही वाक्य नाही. नात घरात हवी आणि मुलाने केलं ते चूक, हे दोन्ही तिला एकाच वेळी वाटू द्या.

भाषेचा नियम एकच ठेवा: जो आपल्या भाषेत बोलतोय तो रंगमंचावर अस्खलित. नवरा घरच्यांशी बोलतो तेव्हा त्याचं मराठी स्वच्छ, घरंदाज असावं, त्यात विनोद असावा. तो जर्मन किंवा मोडकंतोडकं मराठी बोलतो तेव्हाच अडखळावा. दुसऱ्या अंकात अडखळण्याची पाळी नायिकेची. मूळ भाषेतली वाक्यं ठेवलीत आणि वर पट्टीवर मराठी दाखवलंत, तर एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको. प्रेक्षक वाचत बसतो आणि नटाचा चेहरा हातचा जातो.

ध्वनी आणि प्रकाशयोजनेतून तीन गोष्टी काढा: देश बदलला की पडणारा पिवळा उजेड, धोक्याच्या सूचनेसारखी वाजणारी अजान, आणि न बोलता उभ्या असलेल्या तीन बुरखेवाल्या बायका. अजान तिथल्या माणसांसाठी रोजची वेळ आहे. ती ऐकून कुणी दचकत नाही. वाजायचीच असेल तर लोक गप्पा मारत असताना, जेवत असताना वाजू द्या. तुर्कस्तान निवडलंत आणि पार्श्वभूमीला अरबी गाणं लावलंत, तर ती चूक त्या देशातला माणूस पहिल्या मिनिटात पकडेल. अरबी भाषाही एक नाही. मोरोक्कोची बोली आणि कैरोची बोली यांत एवढं अंतर आहे की नटाने भलतीकडचे उच्चार उचलले तर पात्राचं गावच बदलतं.

भूमिका कुणी करावी? त्या देशाशी, निदान त्या भाषेशी नातं असलेला नट मिळतो का ते आधी मनापासून शोधा, निवडचाचणीची जाहिरात त्या भाषेतही द्या. नाही मिळाला तर मराठी नट चालेल, पण त्याच्या कातडीचा रंग गडद करायचा नाही आणि लकब म्हणून उच्चार चिकटवायचा नाही. भाषेचा मार्गदर्शक पहिल्या तालमीपासून हवा. शेवटच्या आठवड्यात बोलावलेला माणूस फक्त उच्चार सुधारतो. पहिल्या दिवशी आलेला सांगतो की अशा घरात सून सासऱ्यासमोर कशी बसते, रागावलेला मुलगा आईला काय म्हणतो. त्याखेरीज संहिता तिघांना वाचायला द्या: त्या समाजातली एक व्यक्ती, असे खटले चालवणारा कौटुंबिक वकील, आणि लहानपणी स्वतः नेली गेलेली, आता प्रौढ असलेली व्यक्ती. तिघांना मानधन द्या, आणि संहिता बदलता येईल अशा वेळीच द्या. ‘ठीक आहे ना?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘कुठल्या पानावर वाचणं थांबवावंसं वाटलं?’ असं विचारा. तिसऱ्या व्यक्तीला तिची हकिगत सांगायला लावू नका. सांगितलीच तर परवानगीशिवाय तिचा तपशील उचलू नका. चालू असलेल्या खऱ्या प्रकरणातलं काहीही घेऊ नका, मुलाची ओळख उघड करण्यावर अनेक देशांत कायद्याने बंदी असते.

मुलीबद्दल तुम्ही पत्रात काहीच विचारलेलं नाही. नाटकात दोन्ही बाजूंचं असलेलं एकमेव माणूस ती आहे, आणि तिला ‘आई’ अशी हाक मारण्यापलीकडे जवळजवळ काम नाही. तिला दोन लाडाची नावं द्या, प्रत्येक घरात एक. तिला दोन्ही भाषांत हसू द्या, आजीकडे काहीतरी मनापासून आवडू द्या. सात वर्षांचं मूल रोज न बोललेली भाषा काही महिन्यांत हरवू लागतं, म्हणून दुसऱ्या अंकात तिचे मराठी शब्द एकेक करून गळू द्या. कोर्टात तिचं म्हणणं ऐकलं जाऊ शकतं, त्यासाठी करारात ठरावीक वय नाही. वय आणि जाण पाहून त्याला किती वजन द्यायचं ते ठरतं. ते ऐकणं बहुधा वेगळ्या खोलीत, प्रशिक्षित अधिकाऱ्यासमोर होतं. ‘तुला आई हवी की बाबा?’ असा प्रश्न जाणकार माणूस विचारत नाही. तो शाळेबद्दल विचारतो, रात्री झोप लागते का विचारतो. भूमिकेसाठी दोन मुली आळीपाळीने ठेवा, ओढाताणीचे प्रवेश त्यांच्याकडून करवून घेऊ नका, आणि रडण्यासाठी त्यांना खरं घाबरवणाऱ्या दिग्दर्शकाला तिथल्या तिथे थांबवा.

विमानतळाची मिठी गाळा. एवढ्या महिन्यांनी भेटलेलं मूल पुष्कळदा धावत येत नाही. ते परक्यासारखं उभं राहतं, आजीबद्दल विचारतं, कधी रागाने अंग काढून घेतं. शिवाय त्यानंतरही कागद संपत नाहीत. वडिलांची भेट कुणाच्या देखरेखीत, फोन आठवड्यातून किती वेळा, पासपोर्ट कुणाकडे जमा, आणि नायिकेने केलेली फौजदारी तक्रार ती मागे घेणार का. तक्रार तशीच राहिली तर बाप बर्लिनमध्ये उतरताच अटक होऊ शकते आणि मुलीची त्याची भेट बंद होते. मागे घेतली तर तो पुन्हा तसं करणार नाही याची खात्री कोण देणार? शेवटचा प्रवेश या प्रश्नावर लिहा, आणि निर्णय नायिकेला घेऊ द्या. देशांची जोडी ठरली की पहिल्यांदा कोर्टाचा प्रवेश नव्याने लिहा, मग फोनच्या निरोपांचा, आणि पहिला अंक सगळ्यात शेवटी.